बरॅक नंबर सातचं गूळपाणी

बाहेरून आलेल्या माणसाला आधी गूळ-पाणी द्यायचं आणि मग कुठून आलास ते विचारायचं, अशी काळवडची रीत. अनसाबाईंचा नवरा बाहेरून आलाच नाही. पण त्याची अक्षरं होती. म्हणून अनसाबाई अक्षरांना गूळ-पाणी देत.

काळवडच्या छावणीत, बरॅक नंबर सातच्या पश्चिमेच्या भिंतीवर, माणसाच्या छातीएवढ्या उंचीला शिपाई हैबतीनं खिळ्यानं दोन ओळी कोरल्या होत्या. त्या सकाळी पलटण बर्फाच्या मुलखात निघाली होती. अनसाबाई तेव्हा एकवीस वर्षांच्या होत्या, आणि पोटात सहा महिन्यांची वैजंता.

माघारी येईन गं, हरभरा सोलायाला
नाही आलो तर भिंत, ठेविली बोलायाला

त्या साली हरभरा निघाला, सोलून झाला, वाळला, भरडून डाळ झाली. मग तार आली. बर्फानं माणूस ठेवून घेतला आणि ट्रंक तेवढी परत पाठवली.

पलटणीच्या दिवशी, वर्षातून एकदा, छावणीचं फाटक घरच्यांना उघडं असायचं. अनसाबाई लेकीला काखेत मारून यायच्या, पदराखालची वाटी काढायच्या आणि गुळाच्या पाण्यात बोट बुडवून एकेक अक्षर भरायच्या. आधी मा. मग घा. मग री. वैजंता अशीच वाचायला शिकली. शाळेत तिला पहिला धडा दिला तेव्हा तिनं बोट ओलं करून पुस्तकावर फिरवलं होतं, आणि गुरुजींनी कान पिळला होता.

"ताई, मुंग्या होतात हो," पहाऱ्यावरचा हवालदार दर वर्षी म्हणायचा.

"त्याबी लांबनंच येत्यात न्हवं," अनसाबाई म्हणायच्या.

पन्नासहून जास्त वर्षांत हवालदार किती बदलले. वाटी तीच होती.

*

सैन्य छावणी सोडून डोंगरापलीकडे गेलं आणि दीडशे वर्षांच्या नऊ बरॅका नगरपालिकेच्या पदरात पडल्या. फाटकाला कुलूप लागलं ते सात वर्षं निघालं नाही. त्या सात वर्षांत गावानं भांडून घेतलं. कुणाला वाहनतळ हवा होता, कुणाला मंगल कार्यालय, एकाला तर तिथं बोकडांचा बाजार भरवायचा होता. शेवटी ठरलं, भिंती पाडायच्या नाहीत, काटेरी तार तेवढी काढायची, आणि सात नंबर सगळ्यांची. एका टोकाला वाचनालय, दुसऱ्या टोकाला मुलींची तालीम, मधे कुणीही येऊन बसावं अशी मोकळी जागा. नाव ठेवलं लोकांगण. नाव ठेवून झाल्यावर कळलं, की पश्चिमेची भिंत पोटातून फुटली आहे.

त्या भिंतीसाठी तन्वीर मुल्ला आला. तिशीचा इंजिनिअर, सोलापूरकडचा. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडं न बघता भिंतीकडं बघायचा. त्यानं सोबत आणला जिवंत चुना.

पहिल्या दिवशी सगळ्या गवंड्यांना ओळीनं बसवून त्यानं तो समजावून सांगितला. लोणारसारख्या खाऱ्या तळ्यांत काही जिवाणू राहतात. जिथं दुसरं काही जगत नाही तिथं ते जगतात. त्यांच्या वंशजांना प्रयोगशाळेत वीस वर्षं घडवून आता चुन्यात निजवलं होतं. निजले की ते बी होऊन पडतात. शंभर वर्षं पडून राहतील, उकळलं तरी मरणार नाहीत. भिंतीला भेग पडली की आत हवा शिरते, ओल शिरते. तीच त्यांची कोंबड्याची बांग. जागे होतात, चुन्यात कालवलेला खाऊ खातात, आणि खाता खाता भोवतीच्या चुन्याचा कणाकणानं दगड करतात. भेग बुजली की हवा बंद. हवा बंद की पुन्हा झोप.

"म्हणजे भिंतीला आपली आपण खपली धरते," वैजंता म्हणाली. तीस वर्षं ती चुन्याची घोटाई करत होती. एकोणसाठाव्या वर्षी या कामावर ती मुद्दाम आली होती.

"बरोबर, मावशी."

"आन् भेग कुठली, आन् अक्षर कुठलं, हे त्येला कळतं?"

तन्वीरनं पहिल्यांदाच भिंतीवरची नजर काढून तिच्याकडं पाहिलं.

"नाही कळत," तो म्हणाला. "तेवढं शिकवता आलेलं नाही."

म्हणून त्यानं हैबतीच्या ओळींभोवती हातभर चौकोन सोडला. आत जुनाच चुना, बाहेर जिवंत. मधे तांब्याची पट्टी ठोकली, कारण तांबं ओलांडताना ते जिवाणू मरतात. नगरपालिकेनं वैजंताच्या नावानं कागदही करून दिला, की अक्षरांना धोका दिसला तर तिच्या शब्दावर काम थांबेल. आणि तन्वीरनं सगळ्यांना बजावलं, पट्टीच्या आत कामाचा हात जाता कामा नये.

वैजंतानं घरी येऊन आईला सगळं सांगितलं. अनसाबाईंची दृष्टी तोवर काचबिंदूनं गेली होती. सात वर्षं अक्षरांना हात लागला नव्हता.

"दिवाळीच्या आत उघडायचं म्हणत्यात," वैजंता म्हणाली. "तुला नेते. बोटानं वाच."

"वाचायचं काय त्यात," अनसाबाई म्हणाल्या. "भेटायचं."

*

पलटणीचा दिवस चार दिवसांवर होता तेव्हा अनसाबाई न्हाणीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वय एक्याऐंशी, हृदय भूल सोसणार नाही, तेव्हा ऑपरेशन नको. सहा आठवडे पाठीवर. हाड आपलं आपण सांधेल, नुसता धीर धरा.

"आन् गूळ-पाणी?" अनसाबाईंनी छताकडं तोंड करून विचारलं. दुखण्याचं त्यांनी विचारलंच नाही. "आता फाटक उघडंय, आन् मी हितं. साठ वर्सात त्यांस्नी असं दारात कुणी हुबं केलं न्हाई."

"मी देते."

"हात धुऊन दे. चुन्याचा हात हाय तुझा."

वैजंतानं हात धुतले. साबणानं तीनदा धुतले, नखं घासली, चिंचेनंही चोळले. दुपारच्या सुट्टीत गवंडी भाकरी खायला बसले तेव्हा ती वाटी घेऊन तांब्याच्या पट्टीपाशी गेली. हा कामाचा हात नव्हता. हा लेकीचा हात होता. गुळाच्या पाण्यात बोट बुडवून तिनं भरलं, मा, घा, री. शेवटच्या ला पर्यंत एकही अक्षर उपाशी ठेवलं नाही. अंगाला गार वारा लागावा तसं तिला बरं वाटलं.

नखाच्या मुळाशी, चामड्याच्या घडीत, चार-सहा बिया निजलेल्या होत्या. साबणानं त्या जाणार नव्हत्या. समोर ओल होती, हवा होती, आणि गूळ होता.

*

अकराव्या दिवशी तन्वीर मापाची सुई घेऊन भिंतीपुढं उभा राहिला. एकदा टोचली. पुसून पुन्हा टोचली. मग सुईकडंच बघत राहिला, जशी काही चूक सुईची होती.

"मावशी, जरा या. इथं गोड काही लागलंय का?"

वैजंता खोटं बोलली नाही. कोणत्या दिवशी, किती वाजता, कसे हात धुतले, सगळं सांगितलं. तो ऐकत होता तसा त्याचा चेहरा उतरत गेला.

"चार मिलिमीटर खोल होती अक्षरं. आता तीन आहेत," तो म्हणाला. "रोज मिलिमीटरचा दहावा हिस्सा भरतंय."

"गूळ संपला की थांबंल?"

"मलाही तसंच वाटलं होतं." त्यानं नखानं चुन्याचा कण काढून तिच्या तळव्यावर ठेवला. "पण ज्यांनी ही बरॅक बांधली ते तुमच्यासारखेच होते. त्यांनी चुन्यात गूळ घातलाय, बेलफळ घातलंय. दीडशे वर्षांचा फराळ आत भरून ठेवलाय. तुमच्या गुळानं यांना फक्त जाग आली. आता यांना घर सापडलं."

वैजंतानं तळव्यावरच्या कणाकडं बघितलं. तो कणासारखा कण होता.

"मोरचूद मारला तर? द्राक्षाला मारत्यात तसा. तांब्यालाच भितंय न्हवं ते?"

तन्वीर खाली बसला आणि तिलाही बस म्हणाला.

"मारता येईल. अक्षरं आत्ता आहेत तिथं थांबतील. जे भरलं ते भरलं, ते दगड झालं, पण उरलेलं राहील. मात्र भिंत ओली आहे, मावशी. मोरचूद चौकोनात राहणार नाही, भिंतभर जाईल. आणि ही भिंत आता जिवंत चुन्यावरच उभी आहे. आतली भेग अजून निम्मी सांधायची आहे. तो चुना मेला तर भिंत पुन्हा फुटेल. सात नंबर बंद करावी लागेल. टेकू देऊन, कुलूप लावून."

"किती दिवस?"

"वर्षं. कदाचित कायमचीच." तो भिंतीकडं बघून बोलत होता. "कागद तुमच्या नावाचा आहे. तुम्ही म्हणाल तर आज थांबवतो. मी कुणाला विचारणार नाही."

मागं ओसरीवर गलका चालू होता. लोकांना दम कुठला. आत काम चालू असताना बाहेरच्या ओसरीवर त्यांनी बस्तान मांडलं होतं. चार निवृत्त सुभेदार कॅरम खेळत होते आणि एकमेकांची उणीदुणी काढत होते. "अरे, तुझा नेम असा होता म्हणून शत्रू अजून जिता हाय," एक म्हणत होता. भरतीची तयारी करणाऱ्या मुली बरॅकेभोवती धावत होत्या. ज्या भिंतीआड त्यांच्या आज्यांना पाऊल टाकता येत नव्हतं, तिला त्या दर फेरीला हात लावून जात होत्या. एका ट्रंकेत वाचनालय भरलं होतं.

"उद्या सांगते," वैजंता म्हणाली.

*

दवाखान्यात अनसाबाई पाठीवर पडून दळणाच्या ओव्या पुटपुटत होत्या. पायाला वजन बांधलं होतं. वैजंतानं त्यांचं तोंड पुसलं, पेज भरवली, आणि लांबून सुरुवात केली.

"आई, सात नंबरात आता माणसं बसणार. सगळ्या जातीची, सगळ्या वयाची. कॅरम, तालीम, कायबाय. गलका असतोय नुसता."

"असू दे की."

"तुला चालंल? म्हणजे आण्णांच्या अक्षरांपाशी?"

"अगं, त्यांस्नी माणसं लागायची," अनसाबाई म्हणाल्या. "लग्नानंतर आठ दिवस सुट्टीवर आलं, तर घरात झोप येईना. म्हनायचं, शंभर जणांत निजायची सव लागलीय, तू एकटी कितीशी घोरणार." त्या हसल्या आणि हाड दुखलं म्हणून थांबल्या. "ती बरॅक सात वर्सं बंद व्हती, तवा मला रातीस वाटायचं, त्येंला अंधारात कोंडलंय. मला नेशील तवा तितं माणसं असू देत. रिकाम्या खोलीत नगं भेटवू मला."

वैजंतानं वाटी धुतली. पुसली. पालथी घातली. पुन्हा धुतली.

"आण्णांची अक्षरं..." ती म्हणाली.

"काय त्येंचं?"

"बरी हायती."

डॉक्टरीणबाई फेरीला आल्या. क्ष-किरणाच्या चित्रावर त्यांनी बोट ठेवलं. मोडलेल्या हाडाच्या फटीत धुक्यासारखं पांढरं धरत होतं. "छान. चुनाच आहे हा, दुसरं काय. कडेकडेनं भरत येतो. घाई केली तर मोडेल."

"किती दिवस बाई, अजून?"

"आणखी सत्तावीस."

वैजंतानं मनाशी मोजलं. दोन्हीकडं एकच जिन्नस भरत होता. एकीकडं तो सावकाश होता आणि दुसरीकडं घाईत, आणि दोन्हींपैकी एकालाही ती हात लावू शकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं तन्वीरला सांगितलं, "चालू दे."

तन्वीरनं मोरचुदाची पिशवी आणून ठेवली होती. तेवढी उचलून गाडीत टाकली.

*

नंतरचे दिवस तिनं अक्षरं जाताना पाहिली. रोज सकाळी कामाआधी ती बोट फिरवायची. आधी मात्रा गेल्या. मग वेलांट्या. हैबतीनं घाईत जे अक्षर उथळ कोरलं होतं ते आधी बुजलं, आणि जिथं खिळा अडखळून खोल गेला होता ते टिकलं. साठ वर्षांनी तिला कळलं, बाप कुठं घाईत होता आणि कुठं थांबला होता. 'भिंत' हा शब्द फार खोल होता. 'येईन' मात्र वरवरचा.

एकदा तिनं खिळा घेतला. 'येईन' पुन्हा कोरायला बसली. पहिली रेघ ओढली, पांढरी भुकटी पडली, आणि रेघ तिची झाली. बापाचा हात असा वळत नव्हता. तिनं खिळा ठेवून दिला. ती नवी रेघ तीन दिवसांत भरली. ताजी भेग जिवाणूंना जास्त आवडते, असं तन्वीर म्हणाला.

तो आपल्या परीनं धडपडत होता. काम सुरू होण्याआधी त्यानं अक्षरांचं बारकाईनं मोजमाप घेऊन ठेवलं होतं. त्यावरून दगडी पाटी करून देतो म्हणाला. केसाचाही फरक नसेल, डोळे मिटून हात लावला तर कळायचं नाही.

"आईचं डोळं मिटल्यालंच हायती," वैजंता म्हणाली. "म्हणूनच नगं."

"मग त्यांना सांगा तरी, मावशी."

"सांगते."

रोज सांगते म्हणायची. रोज दवाखान्यात जायची, आणि अनसाबाई विचारायच्या, "आज किती दिस राह्यले गं?" वैजंता दिवस सांगायची आणि पेज भरवायला घ्यायची.

शेवटच्या आठवड्यात तन्वीरनं सुई टोचली आणि म्हणाला, "बोटाला लागतील एवढीच उरलीत. आता यांना काही देऊ नका. असंच राहिलं तर महिनाभर तग धरतील, वेग बराच कमी झालाय. गोड लागलं तर मात्र दोन दिवसांत सपाट."

*

लोकांगण उघडलं त्या दिवशी फीत नव्हती. तार काढलेल्या फाटकातून लोक आपले आत आले आणि जागा धरून बसले. सुभेदारांचा कॅरम आत आला. मुलींनी तालमीत लेझीम धरलं. वाचनालयाच्या टोकाला कुणी मोठ्यानं वर्तमानपत्र वाचत होतं, आणि दुसरा कुणी त्याला मनात वाच म्हणून सांगत होता. पश्चिमेची भिंत सरळ, पांढरी उभी होती. तिच्यात भेग म्हणून उरली नव्हती.

चाकाच्या खुर्चीतून अनसाबाई आल्या. हाड सांधलं होतं. नवं लुगडं नेसल्या होत्या, आणि आत शिरताच त्यांनी मान तिरकी करून सगळा गलका ऐकून घेतला.

"भरलंय गं," त्या म्हणाल्या.

"भरलंय," वैजंता म्हणाली.

तांब्याच्या पट्टीपाशी तिनं खुर्ची थांबवली. तन्वीर खांबाशी उभा होता. वैजंतानं आईला उठवलं, काखेत हात घालून धरलं आणि तिचा हात भिंतीवर टेकवला. सांगायचं ते आत्ताच, असं तिनं रात्रभर घोकलं होतं.

अनसाबाईंचं बोट भिंतीवरून फिरलं. एकदा रिकामंच गेलं. परत आलं. मग थांबलं. केसाएवढी काही खोली त्या बोटाला लागली असावी, कारण ते वळलं, मा चा काना उतरलं आणि पुढं घा वर गेलं. पूर्ण ओळ. मग दुसरी ओळ. वैजंता बघत होती. आईचा चेहरा काही सांगत नव्हता.

"वाळलेत गं," शेवटी अनसाबाई म्हणाल्या. "किती वाळलेत."

"आई..."

"सात वर्सं मी न्हाई. तू एकदाच दिलंस. लांबचं येणं, आन् पोटात काय न्हाई." त्यांनी दुसऱ्या हातानं पदराखाली चाचपलं. वाटी त्यांनी स्वतःच सोबत आणली होती. वरून फडकं बांधलं होतं. "सोड ह्ये. मला गाठ सुटंना."

वैजंतानं तन्वीरकडं पाहिलं. तन्वीरनं एक पाऊल पुढं टाकलं आणि तिथंच थांबला. तो कागद, त्याची सुई, त्याचं शास्त्र यातलं काहीच त्याला त्या म्हातारीच्या हातापर्यंत नेता येईना.

"आई, ह्ये आज नगं. थोडं ऐक माझं."

"काय ऐकू?"

लेझीम वाजत होतं. सुभेदार सोंगटीवरून भांडत होते. वैजंताच्या ओठांवर सगळं आलं. जिवाणू, बी, नखं, दीडशे वर्षांचा फराळ. ते सगळं सांगायला एकच वाक्य लागलं असतं: तू ज्यांना भरवतेस, त्यांना तुझा गूळच खातो.

"काय न्हाई," ती म्हणाली. आणि फडक्याची गाठ सोडली.

अनसाबाईंनी बोट बुडवलं. मा. घा. री. आंधळं बोट कुठं चुकलं नाही. गुळाचं पाणी त्या केसाएवढ्या खोलीत बसत गेलं आणि पांढऱ्या भिंतीवर पिवळसर ओळी उमटल्या, गेल्या साठ वर्षांत कधी नव्हत्या इतक्या ठळक. लेझीम थांबलं. खेळ टाकून एक सुभेदार जवळ आले आणि त्यांनी मोठ्यानं वाचलं. बरॅकेत शांतता झाली. कुणीतरी विचारलं, कोण हो हे?

"आमचं मालक," अनसाबाई म्हणाल्या. "बाहेरनं आलेत. खाऊ द्या आधी, मग इचारा."

पहिलं मा तोवर सुकायला लागलं होतं. भिंत पीत होती. अनसाबाईंचं बोट पुन्हा वाटीकडं आलं, आणि वैजंतानं वाटी दोन्ही हातांनी सरळ धरली, थेंब सांडू नये म्हणून.